लुगडे तेच, सोंग वेगळे

मी अंबड तालुक्यातल्या एका गावी विज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या स्नेहसंमेलनात एक विनोदी नाटुकले बसवले होते. त्याचे पात्रवाटप मी केले. त्यात एक बाई होती. भांडकुदळ, तोंडाला पावडर थापणारी, नवऱ्याला लाटणे दाखवणारी. शाळेत मुली होत्या, पण असे काम मुलीला द्यायचे नाही हे कोणी न बोलताच ठरलेले असते. मी आठवीतला एक मुलगा निवडला. अंगाने बारीक होता, आवाज अजून फुटलेला नव्हता. रोज सकाळची प्रार्थना तोच सांगायचा. त्याला आईची साडी नेसवली, हव्या त्या ठिकाणी चिंध्या कोंबल्या आणि कमरेत लचकत कसे चालायचे ते मीच करून दाखवले. मंडप हसून लोळला. सरपंचांनी जागेवरच शंभर रुपयांचे बक्षीस जाहीर केले.

दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाचे नाव ‘बाई’ पडले. आठवडाभराने तो प्रार्थनेला पुढे आला नाही. विचारले तर म्हणाला, “सर, घसा बसलाय.” दहावी होऊन तो शाळेतून गेला तोपर्यंत त्याचा घसा बसलेलाच होता.

त्याच वर्षी फाल्गुनात, नाथषष्ठीच्या आधी, मारुतीच्या देवळापुढे गावच्या भजनी मंडळाचे सोंगी भारूड झाले. इथून गोदाकाठाने पैठण जवळ, त्यामुळे नाथांचे भारूड आमच्याकडे घरातले वाटते. सुनेचे सोंग आणले होते पन्नाशीच्या एका शेतकऱ्याने. नऊवारी लुगडे, डोक्यावर पदर, कपाळाला रुपयाएवढे कुंकू आणि ओठांवर भरघोस मिशी, तशीच ठेवलेली. लोक हसले, मग गप्प झाले, मग पुन्हा हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच गृहस्थ चहाच्या हॉटेलात खताच्या भावावरून दुकानदाराशी वाद घालत होते. त्यांना कोणी ‘बाई’ म्हटले नाही. सगळे ‘बुवा’च म्हणत होते.

गाव तेच, प्रेक्षक तेच, लुगडेही तेच. मग एकाला बिरुद मिळाले आणि दुसऱ्याचा आवाज गेला, असे का व्हावे? वयाचा आणि मानाचा फरक आहे हे उघड आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. मला वाटते, उत्तराचा मोठा भाग सोंगाच्या घडणीतच आहे. म्हणून आधी भारुडाकडे पाहू.

एकनाथांचा काळ सोळाव्या शतकाचा. त्यांच्या नावावर सुमारे तीनशे भारुडे सांगितली जातात. त्यांत ते वासुदेव होतात, जोशी होतात, महार होतात, गोंधळी होतात, आणि कितीतरी वेळा बाई होतात. ‘तिच्याविषयी’ ते लिहीत नाहीत, ‘मी’ म्हणूनच बोलतात. पैठणच्या ब्राह्मण घरातला विद्वान पुरुष सासुरवाशिणीच्या तोंडाने तक्रार करतो, हे त्या काळात लहानसहान धाडस नव्हते. सासऱ्यापासून नणंदेपर्यंत एकेकाला माझ्या वाटेतून दूर कर, असे साकडे भवानीला घालणारी ती सून आठवा. तिला काहीतरी हवे आहे. ते मिळवण्यासाठी ती देवीशी सौदा करते. प्रेक्षक हसतात ते तिच्या हातवाऱ्यांना कमी आणि तिच्या हिशेबाला जास्त. कारण तसला हिशेब घरोघरी चालतो हे त्यांना ठाऊक असते.

आता ती मिशी. प्राण्यांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार दिसते. कुत्र्याची पिल्ले खोटी मारामारी सुरू करण्याआधी पुढचे पाय वाकवून, शेपटी वर करून खाली झुकतात. ‘आता जे चावेन ते खेळातले आहे’ ही ती खूण. खूण नसेल तर खेळाची मारामारी होते. बुवांची मिशी हे काम करते. मी सोंग आहे, हे ती सबंध वेळ सांगत राहते. भारुडाच्या शेवटी बुवा पदर खांद्यावर घेतात आणि आपल्या नेहमीच्या आवाजात अर्थ सांगतात: सासरा म्हणजे हा विकार, सासू म्हणजे तो. सोंगात शिरण्याची वाट दिसते तशी बाहेर पडण्याचीही दिसते. आमच्या नाटुकल्यात बाहेर पडायची वाटच नव्हती. पडदा पडला, बक्षीस मिळाले, आणि मुलगा साडीतच राहिला.

भारुडाची भलामण करताना एक तक्रारही नोंदवली पाहिजे. हे शेवटचे निरूपण सोंगाड्याला सोडवते, पण सुनेलाही पुसून टाकते. सासू म्हणजे विकार असे एकदा सांगितले की खऱ्या सासूचा खरा जाच बाजूला पडतो. लोक अध्यात्म ऐकून समाधानाने घरी जातात आणि घरची सून दाराआडून भारूड ऐकून भाकरी थापायला उठते. अलीकडे पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांच्यासारख्या स्त्रियाही भारूड करतात. तोच नवस बाईच्या तोंडून ऐकताना मला हसू थोडे उशिराच आले. आणि गावोगावच्या सोंगी भारुडांत आता द्वयर्थी विनोदांचे पाणी इतके वाढले आहे की पुष्कळदा माझ्या नाटुकल्यात आणि त्यांच्यात फरक उरत नाही. मिशी असली तरी.

आता माझ्या नाटुकल्याची परीक्षा. त्यातल्या बाईला काय हवे होते? काहीच नाही. ती का भांडत होती, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते, मी विचारले नाही. तिचे चालणे, बोलणे, पावडर लावणे एवढाच विनोद होता. म्हणजे त्या मुलाने कोणा बाईची भूमिका केलीच नव्हती. बायका कशा असतात याविषयीची आमची, विशेषतः माझी, समजूत त्याने अंगावर घातली होती. लचकत चालणे त्याने त्याच्या आईत पाहिलेले नव्हते. त्याची आई डोक्यावर कापसाचे गाठोडे घेऊन ताठ चालते.

पण मुलांनी त्यालाच ‘बाई’ का ठरवावे? सोंग मी दिले होते हे त्यांना माहीत होते. या बाबतीत मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९६७ साली जोन्स आणि हॅरिस या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिलेले निबंध वाचायला दिले. लिहिणाऱ्याचे खरे मत काय असेल ते ओळखा, असे सांगितले. काहींना हेही सांगितले की बाजू लेखकाने निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती. तरीसुद्धा वाचणाऱ्यांचा कल, बाजूने लिहिणारा मनातूनही बाजूचाच असणार, असे मानण्याकडे राहिला. समोर दिसणारी कृती आपण माणसाच्या स्वभावाला चिकटवतो आणि परिस्थिती विसरतो. ही चूक मोठी माणसेही करतात. गणपत पाटील या अभिनेत्याने मराठी तमाशापटांत नाच्याच्या भूमिका केल्या, आणि ती प्रतिमा त्यांना आयुष्यभर चिकटली. घरसंसार असलेल्या त्या कलावंताकडे लोक पडद्यावरच्याच नजरेने पाहत राहिले. जिथे कसलेल्या नटाचे हे झाले, तिथे आठवीतल्या पोराचा काय पाड?

चिकटण्याची ही क्रिया दोन्हीकडे सारखी होत नाही, हे मात्र त्या प्रयोगातून कळत नाही. ते आपल्या मंडपात पाहायला मिळते. मुलीने फेटा बांधून शिवाजी केला की ‘अगदी मुलासारखी!’ म्हणून शाबासकी मिळते. मुलाने मुलगी केली की टोपणनाव मिळते. चढणाऱ्याला शाबासकी आणि उतरणाऱ्याला हसू, असा हा जिना आहे, आणि त्याच्या पायऱ्या कोणत्या दिशेने जातात ते वेगळे सांगायला नको.

मराठी रंगभूमीचा विचार केला तर गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हापासून कितीतरी दशके स्त्रीभूमिका पुरुषच करत आले. ही चाल चित्रपटांतही आली. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झाले अण्णा साळुंके, आणि ‘लंकादहन’मध्ये (१९१७) त्यांनीच राम आणि सीता दोन्ही केले. या परंपरेचे शिखर म्हणजे बालगंधर्व, नारायण श्रीपाद राजहंस. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत ते शकुंतला झाले, आणि पुढे ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू. बालगंधर्वांच्या ओठांवर मिशी नव्हती. हे सोंग आहे अशी कोणतीही खूण ते ठेवत नसत. त्यांची सारी शक्ती ती खूण पुसण्यात होती. आणि तरी त्यांना कोणी हिणवले नाही. उलट त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा, त्यांचे दागिने प्रतिष्ठित घरांतल्या बायकांनी उचलले. नक्कल उलटी झाली. पुरुषाने कल्पिलेली बाई पाहून बायका तशा दिसू लागल्या.

माझ्या मते बालगंधर्वांच्या अभिनयाचे कौतुक करताना ही बाजू आपण नजरेआड करतो. त्यांच्या भामिनीला, रुक्मिणीला मन होते, इच्छा होती. माझ्या नाटुकल्यातल्या लाटणेवालीशी त्यांची तुलना करणे हा अपराधच होईल. पण त्या बायका पुरुषांनी लिहिल्या, पुरुषाने केल्या आणि ‘आदर्श’ म्हणून परत घराघरांत पाठवल्या गेल्या. सिंधूचे सोसणे पाहून सारे थिएटर रडले. सोसणे हाच बाईचा स्वभाव, ही समजूत त्या रडण्याने पक्की झाली की ढिली, हा प्रश्न मला तरी सुटलेला नाही. दुसऱ्या बाजूला, त्याच काळात बेळगावसारख्या ठिकाणी निव्वळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या, आणि त्यांतले पुरुष स्त्रियाच करत. आमच्या पाठ्यपुस्तकांत बालगंधर्व येतात. या बायका क्वचितच कुणाच्या लक्षात असतात. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या आणि जुना काळ हळूहळू संपला. जाता जाता एक गंमत. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्वांनी पुरुषाची भूमिका केली, ती नेमकी संत एकनाथांची. बाईच्या तोंडाने बोलणारा संत आणि बाईच्या रूपाने गाणारा नट असे एका पडद्यावर आले, पण प्रेक्षकांच्या ते फारसे पचनी पडले नाही.

आता आपले विद्यार्थी. त्यांची सोंगे मारुतीच्या पारावरून मोबाइलवर गेली आहेत. दहावीतली पोरे गोळीबाराच्या खेळात बिनदिक्कत मुलीचे पात्र घेतात. का घेतोस, असे एकाला विचारले. उत्तर आले, “सर, खेळताना सगळा वेळ त्याची पाठच दिसते. मग पुरुषाची पाठ कशाला बघायची?” प्रामाणिक उत्तर! जगभरचे खेळाडूही हे कारण देतात. पात्र म्हणजे इथे सोंगही नाही, बाहुली आहे.

पण खेळाडूने पात्र होऊन बोलायचे, निर्णय घ्यायचे असे भूमिकांचे खेळही आहेत. त्यांचा आधुनिक अवतार ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापले पात्र होऊन काय करायचे ते ठरवतात आणि फाशांनी निकाल लागतो. पुष्कळसा आपल्या पोरांच्या चोर-शिपायासारखाच, फक्त नियमांचे जाडजूड पुस्तक जोडलेले. त्या खेळाच्या १९७८ च्या प्रगत आवृत्तीत एक नियम होता: स्त्री पात्राच्या शारीरिक बळाची कमाल मर्यादा पुरुष पात्रापेक्षा कमी. १९८९ च्या आवृत्तीत तो काढला. विज्ञानाच्या शिक्षकाने या नियमापाशी थांबावे. पुरुषांच्या हातांचे बळ सरासरीने जास्त असते हे खरेच आहे. पण सरासरी समूहाची असते. खेळात आपण समूह खेळत नाही, एक माणूस खेळतो, आणि तोही राक्षसांशी लढणारा, अचाट. वर्गातल्या मुलांची सरासरी उंची जास्त आहे म्हणून सर्वांत उंच मुलीला गुडघे वाकवून उभे करावे, तसा हा नियम. पंख असलेले आग ओकणारे सर्प चालतात, पण बलदंड बाई वास्तवाला सोडून आहे, असे ठरवणाऱ्या कल्पनाशक्तीची मला मौज वाटते.

संगणकावरच्या अशा खेळांत माणसे सोंग कसे वठवतात, याचा चांगला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातल्या ३७५ खेळाडूंना एक खास कामगिरी दिली आणि त्यांचे प्रत्येक वाक्य, प्रत्येक हालचाल नोंदवली. पुरुषांपैकी २३ टक्क्यांनी स्त्री पात्र घेतले होते, स्त्रियांपैकी ७ टक्क्यांनी पुरुष पात्र. (जिना इथेही आहे, पण उलट्या बाजूने. कारणे वेगळी असावीत.) स्त्री पात्र घेतलेल्या पुरुषांनी सुंदर चेहरे आणि रूढ केशरचना निवडल्या. बोलताना भावनेचे शब्द आणि उद्गारचिन्हे जास्त वापरली. म्हणजे भाषेत त्यांनी ‘बायकी’ वळण घेतले. पण हालचालीत ते उघडे पडले. इतर पुरुषांप्रमाणे, किंबहुना अधिकच, ते विनाकारण उड्या मारत होते, मागे मागे सरकत होते, घोळक्यापासून दूर राहत होते. जीभ सोंग घेते, पाय घेत नाहीत.

पायांचा विषय निघालाच आहे तर वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. १९७७ साली कोझलोव्स्की आणि कटिंग यांनी माणसांच्या सांध्यांवर प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या लावल्या आणि अंधारात त्यांच्या चालण्याचे चित्रण केले. चित्रात माणूस नाही, फक्त हलणारे ठिपके. पाहणाऱ्यांनी साठ-सत्तर टक्के वेळा चालणारा स्त्री की पुरुष ते बरोबर सांगितले. नुसत्या अंदाजाने पन्नास टक्के येतात हे लक्षात घेतले तर हे यश आहे, पण फार मोठे नाही. खांदे आणि नितंब यांच्या हेलकाव्याच्या प्रमाणावरून ते कळत असावे, असे नंतरच्या कामातून दिसले. पुढे १९८३ साली स्वीडनमधल्या रूनेसन आणि फ्रीकहोल्म यांनी माणसांना दुसऱ्या लिंगाच्या व्यक्तीसारखे वागून दाखवायला सांगितले. ठिपके पाहणाऱ्यांना खरे काय तेही कळले आणि हे सोंग आहे हेही कळले.

दुचाकीच्या दुकानात मिळणाऱ्या रेडियमच्या पट्ट्या, बॅटरी आणि अंधार केलेली खोली एवढ्यावर हे जमते. पट्ट्या खांदे, कोपरे, मनगटे, कंबर, गुडघे आणि घोटे यांवर लावाव्यात, बॅटरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांजवळ धरावी. एक सूचना: पाचवी-सहावीतल्या मुलामुलींवर आधी करा आणि नववी-दहावीतल्यांवर नंतर. वयात येताना हाडांची ठेवण बदलते. त्याआधी बरोबर ओळखणे सोपे जाते की अवघड, ते मुलांनी स्वतः मोजावे. आवाजाच्या बाबतीत याचे उत्तर बुचकळ्यात टाकणारे आहे. मोठ्या पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपने सेकंदाला सुमारे १०० ते १२५, स्त्रीची २०० च्या आसपास. हा फरक वयात येताना पडतो. त्याआधी स्वरयंत्रे जवळपास सारखीच. तरीही लहान मुलांचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकून लोक मुलगा की मुलगी हे बऱ्याचदा बरोबर ओळखतात. यंत्र सारखे आणि बोलणे वेगळे, म्हणजे बोलण्याचा काही भाग तरी पाहून-ऐकून उचललेला असणार. मुलगा मुलग्याचे आणि मुलगी मुलीचे सोंग चौथी-पाचवीतच घेऊ लागलेली असते, म्हणा ना.

माझ्या वर्गात सर्वांत जास्त खळबळ उडवली ती मात्र चिठ्ठ्यांच्या खेळाने. हा खेळ अॅलन ट्यूरिंगचा. यंत्र विचार करू शकते का, या प्रश्नावरचा त्याचा प्रसिद्ध लेख १९५० सालचा. त्याची सुरुवात यंत्रापासून होत नाही, एका घरगुती खेळापासून होते, हे पुष्कळांना माहीत नसते. एका खोलीत एक पुरुष आणि एक स्त्री. दुसऱ्या खोलीत परीक्षक. परीक्षकाने लेखी प्रश्न विचारायचे आणि टंकलिखित उत्तरांवरून स्त्री कोण ते ओळखायचे. पुरुषाने आपण स्त्री आहोत असे भासवायचे, स्त्रीने परीक्षकाला मदत करायची. मग ट्यूरिंग विचारतो, पुरुषाच्या जागी यंत्र बसवले तर? आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेच्या मुळाशी, असे पाहिले तर, बाईचे सोंग घेतलेला एक पुरुष आहे. स्त्रीसाठी सर्वांत चांगला डाव खरे बोलण्याचा, असे ट्यूरिंगला वाटत होते.

नववीच्या वर्गात हा खेळ घेतला. एक मुलगा आणि एक मुलगी प्रयोगशाळेत बसली, उत्तरे तिसऱ्याने उतरवून काढली म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये, आणि बाकी वर्ग परीक्षक. वर्गाने पहिला प्रश्न विचारला: पोळ्याच्या दिवशी सकाळी उठून काय केले? एक चिठ्ठी आली: रांगोळी काढली, आईला पुरण वाटू लागले, नवीन ड्रेस घातला. दुसरी आली: रात्रीची लाइट होती म्हणून पहाटे पप्पांबरोबर मोटर बंद करायला मळ्यात गेले, मग झोपले. दुसरा प्रश्न: सायकलची साखळी पडली तर? एक चिठ्ठी: दादाला सांगेन. दुसरी: सायकल उलटी करून बसवते, हात काळे होतात, ते मातीने पुसते.

वर्गाने एकमुखाने निकाल दिला. रांगोळी आणि दादावाली ती मुलगी. दार उघडून दोघे बाहेर आले. मुलगी जवळजवळ रडकुंडीला आली होती. “सर, मी तर खरं खरं लिहिलं होतं.” आमच्याकडच्या मुली वाडी-वस्तीवरून मानव विकास कार्यक्रमात मिळालेल्या सायकलींवर शाळेत येतात. साखळी पडली तर त्या रस्त्यावर दादा नसतो. हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होते, मुलींना तर नक्कीच. तरी मुलींनीसुद्धा रांगोळीलाच मत दिले. त्या मुलाचे सोंग वठले होते, कारण ते परीक्षकांच्या डोक्यातल्या बाईशी तंतोतंत जुळत होते. खऱ्या मुलीचे सोंग मात्र फसले. ट्यूरिंगने हा धोका धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाळी उलटी केली. मुलीने मुलगा व्हायचे, मुलाने खरे लिहायचे. प्रश्न आला, कशाची भीती वाटते? मुलीने लिहिले, कशाचीच नाही. मुलाने लिहिले, आबा रात्री उशिरा आले की. वर्गाने त्याला मुलगी ठरवले. त्यावर तो काही बोलला नाही, आणि मीही तो खेळ तिथेच थांबवला.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात अलीकडे ‘भूमिकापालट’ नावाचा कार्यक्रम असतो. पुरुष शिक्षकांनी दहा मिनिटे गृहिणी व्हायचे, स्त्रियांनी नवरा, आणि मग ‘आपल्याला काय जाणवले’ ते सांगायचे. मी अशा दोन वर्गांना बसलो आहे. दोन्ही वेळा पुरुषांनी कमरेवर हात ठेवून भांडण केले, साऱ्यांनी हसून घेतले आणि संवेदनशीलता वाढली असे वहीत लिहिले गेले. माझा आक्षेप भूमिका करण्याला नाही. दुसऱ्याची भूमिका केल्याने दुसरा कळतो, या गृहीताला आहे. वर्गातल्या चिठ्ठ्या उलटेच सांगतात. भूमिकेतून कळते ते आपल्याला दुसरा कसा वाटतो हे. त्यासाठी हे साधन उत्तम आहे, फक्त दुसरी चिठ्ठीही उघडली पाहिजे. गृहिणी झालेल्या गुरुजींनी आपला दिवस लिहावा, शेजारी एखाद्या बाईंनी आपला खरा दिवस लिहावा, आणि दोन्ही कागद फळ्यावर लावावेत. हे त्या वर्गात सुचवले तेव्हा चहाची वेळ झाली होती.

यंदाच्या स्नेहसंमेलनात आम्ही भारूड बसवले. कोणी काय व्हायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवले. सासरा एका मुलीला आला, तिने आजोबांचे धोतर आणि कोळशाची मिशी स्वतःहून आणली. सून मुलगाच झाला. त्याला मी चालून दाखवले नाही. सुनेला काय हवे आहे ते घरी विचारून ये, एवढेच सांगितले. आईला विचारायला लाजला, म्हणून आजीला विचारून आला. आणि जे सांगितले ते तालमीत म्हणून दाखवताना त्याची चाल आपोआप संथ झाली. शेवटी सोंग उतरवून त्याने आपले नाव, इयत्ता सांगायची असे ठरवले होते. तेवढ्यावर टोपणनाव टळेल की नाही, हे इतक्या लवकर कसे कळणार?

आमचा तो प्रार्थना सांगणारा मुलगा आता जालन्याला कॉलेजात जातो. भारुडाला गाणारा हवा होता म्हणून त्याला निरोप धाडला. तो तालमीला आला, मागे बसून सगळे ऐकले. गातोस का, म्हणून विचारले.

“टाळ वाजवतो, सर,” म्हणाला.

कार्यक्रम संपेपर्यंत त्याने टाळ वाजवला.